तीन संस्था, एक खंड: युरोपात लोकशाही आणि मानवी हक्कांचं काम कोण कोणाबरोबर करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणत्या संस्थांबद्दल आहे?

स्ट्रासबर्गची कौन्सिल ऑफ युरोप, ब्रुसेल्सची युरोपियन युनियन आणि व्हिएन्नाची ओएससीई, म्हणजे युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटना. कौन्सिलचे सदस्य ४६, युनियनचे २७ आणि ओएससीईचे ५७. हे आकडे डब्यात डबा बसावा तसे बसतात. युनियनचे सगळे देश कौन्सिलमध्ये आहेत आणि कौन्सिलचे सगळे देश ओएससीईत आहेत. ओएससीईत वर उरतात ते ११: अमेरिका, कॅनडा, रशिया, बेलारूस, मध्य आशियातले पाच देश, मंगोलिया आणि व्हॅटिकन. युरोपच्या संघटनेत मंगोलिया काय करतो, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. तो २०१२ मध्ये आला आणि राहिला.

या तिघींचं लोकशाही आणि मानवी हक्कांचं काम एकमेकींत इतकं गुंतलेलं आहे की एकीकडे पाहून दुसरीचा उलगडा होतो. त्यांची गत आपल्या म्हणीसारखी आहे: दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. कौन्सिलकडे न्यायालय आहे आणि करारांचा मोठा साठा आहे, पण तिजोरी बेताची. युनियनकडे पैसा आहे आणि सदस्यत्वाचं आमिष आहे, पण मानवी हक्कांचे बरेचसे मापदंड तिने स्ट्रासबर्गहून घेतलेले. ओएससीईकडे न्यायालय नाही आणि पैसाही फारसा नाही. तिची माणसं मात्र देशोदेशीच्या मतदान केंद्रांवर वही घेऊन उभी असतात.

कौन्सिल ऑफ युरोप आणि युरोपियन कौन्सिल एकच ना?

नाही. या प्रश्नावर स्पर्धा परीक्षेची मुलं तर अडखळतातच, पण वर्तमानपत्रांतही गल्लत होते. युरोपियन कौन्सिल म्हणजे युनियनच्या २७ देशांच्या प्रमुखांची बैठक. कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन म्हणजे त्याच देशांच्या मंत्र्यांची बैठक. कौन्सिल ऑफ युरोप ही या दोन्हींहून वेगळी आणि वयाने मोठी संस्था आहे. ५ मे १९४९ रोजी लंडनमध्ये दहा देशांनी तिची स्थापना केली. युनियनची पूर्वज असलेली कोळसा-पोलाद संघटना त्यानंतरची.

गोंधळाला युरोपवाल्यांनीच खतपाणी घातलं आहे. निळ्यावर बारा सोनेरी तारे असलेला झेंडा मुळात कौन्सिलचा, १९५५ चा. युनियनने तो १९८६ मध्ये आपलासा केला. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली धूनही तशीच: आधी कौन्सिलने १९७२ मध्ये घेतली, मग युनियनने. युरोपियन पार्लमेंट हे युनियनचं, पण त्याची अधिवेशनं भरतात स्ट्रासबर्गला, आणि १९९९ पर्यंत तर ती कौन्सिलच्याच सभागृहात भरत होती.

न्यायालयांचंही तसंच. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय कौन्सिलचं, लक्झेंबर्गचं न्यायालय युनियनचं. बातमीत नुसतं ‘युरोपियन कोर्ट’ दिसलं की आधी गाव पाहावं.

ओएससीईच्या मागे एकही करार नाही, हे खरं का?

खरं आहे. १ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकीत ३५ देशांनी ज्या दस्तऐवजावर सह्या केल्या, तो राजकीय वचननामा होता, कायदेशीर करार नव्हता. सोव्हिएत संघाला त्यातून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमांवर शिक्कामोर्तब हवं होतं. बदल्यात मानवी हक्कांबद्दलची काही कलमं आत आली. ती कागदावरच राहतील असा मॉस्कोचा अंदाज होता. पण १९७६ मध्ये मॉस्कोतच या वचनांवर लक्ष ठेवणारा हेलसिंकी गट उभा राहिला, पुढच्या वर्षी चेकोस्लोव्हाकियात चार्टर ७७ हे नागरिकांचं हक्कांचं पत्रक आलं, आणि सरकारनेच सही केलेला कागद सरकारच्या तोंडासमोर धरायची पद्धत सुरू झाली.

१९९० मध्ये कोपनहेगनच्या दस्तऐवजात या देशांनी मुक्त निवडणुका, स्वतंत्र न्यायालयं आणि अल्पसंख्याकांचे हक्क बारकाईने लिहून काढले. आजही निरीक्षक निवडणूक तपासतात ती त्याच दस्तऐवजाशी ताडून. संघटना हे नाव १९९५ पासूनचं, तोवर ती नुसती परिषद होती. निवडणुका आणि मानवी हक्क पाहणारं तिचं कार्यालय वॉर्सात आहे. त्याला सगळे ओडिहर म्हणतात. राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठीचे उच्चायुक्त हेगला बसतात, प्रसारमाध्यम स्वातंत्र्याचे प्रतिनिधी व्हिएन्नात.

तिघी एकच काम करतात, तर एकमेकींच्या पायात पाय येत नाहीत का?

येतात. १९८९ नंतर पूर्व युरोपातल्या नव्या लोकशाह्यांना मदत करायला तिघीही धावल्या. एकाच शहरात तिघींची कार्यालयं, एकाच कायद्यावर तीन तज्ज्ञांचे तीन सल्ले, असं काही काळ चाललं. मग कागदोपत्री वाटण्या झाल्या. कौन्सिल आणि ओएससीई यांनी २००४ च्या डिसेंबरात समन्वय गट नेमला. त्याच्याकडे चार विषय आहेत: दहशतवादाशी लढा, माणसांची तस्करी, सहिष्णुता आणि भेदभाव, राष्ट्रीय अल्पसंख्याक. कौन्सिल आणि युनियन यांच्यात २००७ मध्ये सामंजस्य करार झाला. मानवी हक्क, कायद्याचं राज्य आणि लोकशाही यांच्या बाबतीत युरोपचा मापदंड कौन्सिलचाच राहील, असं युनियनने त्यात मान्य केलं.

ही कबुली साधी नव्हती. त्याच वर्षी व्हिएन्नात युनियनची स्वतःची मूलभूत हक्क संस्था सुरू झाली होती आणि स्ट्रासबर्गमध्ये धाकधूक होती की आता श्रीमंत धाकटी थोरलीचा संसार उचलून नेणार. म्हणून २००८ मध्ये आणखी एक करार करून त्या संस्थेच्या कारभारी मंडळावर कौन्सिलने नेमलेल्या व्यक्तीला जागा दिली गेली.

समन्वय गटाची इतिवृत्तं वाचायला घेऊ नका, झोप येते. सहकार्य खरं कळतं ते एखाद्या प्रकरणात.

मग एखादं प्रकरण सांगा.

बोस्नियाचं सांगतो, कारण त्यात तिघीही भेटतात.

बोस्निया-हर्झेगोविनातलं युद्ध १९९५ च्या डेटन कराराने थांबलं. त्या देशाची राज्यघटना म्हणजे याच शांतता कराराचं चौथं परिशिष्ट. घटनेने देशाचे तीन ‘घटक लोकसमूह’ मानले: बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब. राहिलेले सगळे ‘इतर’. राष्ट्राध्यक्षपदावर एक माणूस नाही, तिघांचं मंडळ आहे, प्रत्येक समूहाचा एक. संसदेच्या वरच्या सभागृहात १५ जागा, प्रत्येक समूहाला पाच. इतरांच्या वाट्याला शून्य. युद्ध थांबवायला हे गणित लागलं असेल, पण पुढे तेच घट्ट बसलं. कराराच्या तिसऱ्या परिशिष्टाने निवडणुकांची देखरेख ओएससीईकडे सोपवली आणि १४ सप्टेंबर १९९६ ला पहिली निवडणूक झाली.

याकोब फिन्त्सी ज्यू आहेत. आपल्याला राष्ट्राध्यक्ष मंडळासाठी उभं राहता येईल का, असं त्यांनी निवडणूक आयोगाला विचारलं. जानेवारी २००७ मध्ये लेखी उत्तर आलं: ज्यू वंशाचे असल्यामुळे नाही. देर्वो सेजदिच रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं त्या समाजातले आहेत, त्यांचीही तीच अडचण. दोघे स्ट्रासबर्गला गेले. गंमत अशी की निकालाच्या वेळी सेजदिच ओएससीईच्या बोस्नियातल्या कार्यालयात रोमा समाजाच्या प्रश्नांवर लक्ष ठेवण्याचं काम करत होते. एका संस्थेचा माणूस दुसऱ्या संस्थेच्या न्यायालयात वादी होता.

२२ डिसेंबर २००९ रोजी १७ न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने निकाल दिला. वरच्या सभागृहाबाबत १४ विरुद्ध ३, राष्ट्राध्यक्षपदाबाबत १६ विरुद्ध १: हा भेदभाव आहे. न्यायालयापुढे कौन्सिलच्याच व्हेनिस आयोगाचा सल्लाही होता. या तरतुदी टिकणार नाहीत, असं आयोगाने २००५ मध्येच सांगून ठेवलं होतं. शिवाय स्ट्रासबर्गचं न्यायालय ज्याच्या आधारे निकाल देतं तो कौन्सिलचा युरोपीय मानवी हक्क करार आपल्या सगळ्या कायद्यांवर आहे, असं बोस्नियाच्या घटनेतच लिहिलेलं आहे. म्हणजे घटनेचं एक कलम दुसऱ्या कलमाला हरताळ फासत होतं.

मापदंड ठरला, निकाल आला. अंमल कोण करवणार? इथे युनियन आली. बोस्नियाला युनियनच्या वाटेवर यायचं होतं आणि सहयोग करारावर २००८ मध्ये सह्याही झाल्या होत्या. निकालाची अंमलबजावणी दिसेपर्यंत तो करार युनियनने लागू होऊ दिला नाही. काही वर्षं हा दबाव राहिला. पण बोस्नियातले तिन्ही बाजूंचे पक्ष हलले नाहीत, आणि मग २०१४ च्या अखेरीस ब्रिटन आणि जर्मनीच्या पुढाकाराने क्रम बदलला: आधी आर्थिक सुधारणा, घटना नंतर. १ जून २०१५ ला करार लागू झाला. माझ्या मते निकालातली हवा तिथेच गेली. अर्थात उलट बाजूही आहे. अडवून धरलेला करार सामान्य बोस्नियन माणसाचंच नुकसान करत होता आणि नेत्यांना त्याची झळ लागत नव्हती.

व्हेनिस आयोगाचं नाव सारखं येतं. तो काय आहे?

कौन्सिलने १९९० मध्ये स्थापन केलेलं घटनातज्ज्ञांचं मंडळ. पूर्ण नाव ‘कायद्याद्वारे लोकशाहीसाठी युरोपीय आयोग’, पण व्हेनिसला वर्षातून चार वेळा बैठका होतात म्हणून व्हेनिस आयोग. त्यात युरोपबाहेरचेही देश आहेत: दक्षिण कोरिया, ब्राझील, मेक्सिको, मोरोक्को वगैरे. भारत नाही.

एखादं सरकार घटनेत किंवा निवडणूक कायद्यात बदल करतं तेव्हा ते सरकार स्वतः, कौन्सिलची संसदीय सभा किंवा युनियन आयोगाला मत विचारू शकते. मत बंधनकारक नसतं. तरी त्याला वजन आहे, कारण स्ट्रासबर्गचं न्यायालय ते निकालात उद्धृत करतं, आणि ब्रुसेल्स उमेदवार देशांना सांगतं की आधी व्हेनिसचं मत घ्या, मग आमच्याकडे या. निवडणूक कायदे, सभास्वातंत्र्य आणि राजकीय पक्ष या विषयांवर आयोग आणि ओडिहर अनेकदा एकत्र बसून एकच मत देतात. व्हेनिस आयोगाच्या २००२ च्या निवडणूक संहितेतलं एक वाक्य तर युरोपभर सांगितलं जातं: निवडणुकीच्या आधीच्या वर्षभरात निवडणूक कायद्याच्या मूलभूत गोष्टींना हात लावू नये.

जॉर्जियात २०२४ मध्ये तिघींचा सूर एक असूनही काय होतं ते दिसलं. परदेशातून पैसा घेणाऱ्या संस्थांना ‘परकीय हिताचे वाहक’ म्हणून नोंदवायला लावणारा कायदा तिथल्या संसदेने मे महिन्यात मंजूर केला. व्हेनिस आयोगाने तातडीचं मत दिलं की कायदा मागे घ्या. ओडिहरचं मतही त्याच दिशेचं. जॉर्जियाला नुकताच, डिसेंबर २०२३ मध्ये, उमेदवार देशाचा दर्जा दिलेल्या युनियनने बजावलं की ही वाट आमच्याकडे येत नाही. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो मोडून काढला. नोव्हेंबरात सरकारने सांगून टाकलं की युनियनशी प्रवेशाच्या वाटाघाटी २०२८ पर्यंत विषयपत्रिकेवरच घेणार नाही. आमिष नको म्हणणाऱ्यापुढे आमिष दाखवणारा काय करणार?

निवडणूक निरीक्षण कोण करतं? तिघीही?

युरोपात मुख्यतः ओडिहर. युनियन आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत निरीक्षक पाठवते, पण ओएससीईच्या हद्दीत स्वतःची वेगळी मोहीम सहसा काढत नाही. ही अलिखित वाटणी चांगली पाळली जाते.

काम असं चालतं. मतदानाच्या काही आठवडे आधी छोटं पथक राजधानीत येतं. पाठोपाठ दीर्घकाळ राहणारे निरीक्षक जोडीजोडीने जिल्ह्यांत जातात आणि प्रचार, टीव्हीवरचा वेळ, उमेदवारी अर्ज, तक्रारींचे निकाल पाहतात. मतदानाच्या तोंडावर अल्पकाळाचे निरीक्षक येतात, कधी शेकड्यांनी. ते केंद्राकेंद्रावर ठराविक फॉर्म भरतात आणि रात्री मोजणीला थांबतात. ओएससीईची संसदीय सभा, कौन्सिलची संसदीय सभा आणि युरोपियन पार्लमेंट आपापले खासदार पाठवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी एकत्र पत्रकार परिषद आणि एकच प्राथमिक निवेदन. हा ‘एकच’ फार महत्त्वाचा. चार निवेदनं निघाली तर सरकारी टीव्ही त्यातलं सर्वांत गोड उचलतो.

अझरबैजानमध्ये ऑक्टोबर २०१३ मध्ये नेमकं तेच झालं. कौन्सिल आणि युरोपियन पार्लमेंटच्या खासदारांनी निवडणुकीला मुक्त आणि पारदर्शक म्हटलं. त्याच निवडणुकीबद्दल ओडिहरने गंभीर त्रुटी नोंदवल्या, विशेषतः मोजणीत. चार दिवस फिरून गेलेले खासदार एकीकडे, महिनाभर राहिलेले निरीक्षक दुसरीकडे. पुढे अझरबैजानकडून काही सभासदांवर भेटवस्तूंची आणि पैशांची खैरात झाल्याचे आरोप इतके वाढले की कौन्सिलच्या संसदीय सभेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. २०१८ च्या अहवालात भ्रष्ट वर्तनाचा दाट संशय नोंदवला गेला. भेटींमध्ये कॅव्हियार, म्हणजे माशाची महागडी अंडी, असायची म्हणून त्या मुत्सद्देगिरीला तेच नाव पडलं.

पाहुणे म्हणून बोलावलं तरच जाता येतं, ही दुसरी मर्यादा. २०२१ च्या दूमा, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या निवडणुकीला रशियाने एकूण ६० निरीक्षकांचीच मर्यादा घातली. एवढ्या मोठ्या देशात ६० माणसांत काय दिसणार, म्हणून ओडिहरने मोहीमच रद्द केली. आणि हो, अमेरिकेच्या निवडणुकाही ओडिहर २००२ पासून पाहतं.

पैसा कोण देतं?

बहुतेक युनियन. न्यायाधीशांचं प्रशिक्षण, तुरुंगांची सुधारणा, भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा असे कौन्सिल आणि युनियनचे संयुक्त कार्यक्रम १९९३ पासून चालू आहेत. युनियन मोठा वाटा उचलते, कौन्सिल माणसं आणि मापदंड पुरवते. पश्चिम बाल्कन आणि तुर्कस्तानासाठी एक मोठा कार्यक्रम आहे, आर्मेनिया, मोल्दोवा, युक्रेन या बाजूला दुसरा.

प्रमाण समजावं म्हणून एक तुलना. डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याच्या राज्याच्या अटी न पाळल्याबद्दल युनियनने हंगेरीचे ६.३ अब्ज युरो रोखले. ओएससीईचं २०२१ चं संपूर्ण बजेट १३.८ कोटी युरो होतं. म्हणजे एका देशाच्या अडवलेल्या पैशात ओएससीई ४५ वर्षं चालली असती.

युरोपियन युनियन स्वतः मानवी हक्क करारात का नाही?

युनियनचा प्रत्येक सदस्य देश करारात आहे, पण युनियन ही संस्था नाही. म्हणजे ब्रुसेल्सच्या निर्णयाने तुमचा हक्क डावलला तर थेट युनियनविरुद्ध स्ट्रासबर्गला जाता येत नाही. २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन कराराने युनियनला करारात सामील व्हायला बांधून घेतलं. मसुदाही तयार झाला. पण १८ डिसेंबर २०१४ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने मसुदा आपल्या कायद्याशी विसंगत ठरवला. भाषा कायद्याची होती, पण आतली कुरकुर कुणालाही कळेल: आमच्या निकालावर दुसरं न्यायालय बसणार? सासू-सुनेच्या घरात चुलीचा ताबा कुणाकडे, असा तो वाद.

२०२० मध्ये बोलणी पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये वाटाघाटी करणाऱ्यांनी सुधारित मसुद्यावर तात्पुरती सहमती केली. सर्वांत चिवट गाठ, परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणाची, त्यांनी युनियनवरच सोडली. मधल्या काळात युनियन कौन्सिलच्या दुसऱ्या एका करारात शिरली: महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारात, २०२३ मध्ये. ज्या शहराचं नाव त्या कराराला आहे त्या देशाने, तुर्कस्तानाने, मात्र २०२१ मध्येच तो सोडला.

सदस्य देशाला बाहेर काढता येतं का?

कौन्सिलमधून येतं. ग्रीसमध्ये १९६७ ला लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि नेदरलँड्स यांनी त्याला कौन्सिलच्या तेव्हाच्या मानवी हक्क आयोगापुढे खेचलं. हकालपट्टीचं मतदान होणार तोच, १२ डिसेंबर १९६९ ला, ग्रीस स्वतःहून बाहेर पडला. लष्करी राजवट कोसळल्यावर १९७४ मध्ये परतला. रशियाच्या बाबतीत ती वेळ टळली नाही. १९९६ मध्ये आलेल्या रशियाला युक्रेनवरील आक्रमणानंतर तीन आठवड्यांत, १६ मार्च २०२२ ला, काढण्यात आलं. त्या वर्षीच्या १६ सप्टेंबरपासून तो मानवी हक्क करारातही नाही. त्याआधीच्या घटनांचे खटले न्यायालय अजून चालवतं, पण निकालपत्र पोचवायचं कुणाला हा प्रश्नच आहे.

ओएससीईत गोष्ट वेगळी, कारण तिथे सर्वानुमत लागतं. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियाला ‘एक सोडून सर्वांच्या’ मताने बाजूला बसवलं, त्यानंतर ते हत्यार कुणावर चाललं नाही. रशिया आजही टेबलावर आहे. युक्रेनमधलं ओएससीईचं निरीक्षण पथक २०२२ मध्ये गुंडाळावं लागलं, कारण मुदतवाढीला रशियाने संमती दिली नाही. सगळे सभासद मिळून नियमित बजेट मंजूर करतात तेही २०२१ नंतर काही वर्षं जमलं नाही. दरवर्षी वॉर्सात भरणारी मानवी हक्क बैठक अडली तेव्हा अध्यक्ष देशाने वेगळ्या नावाने परिषद भरवून वाट काढली. एक खिडकी मात्र उघडी राहिली आहे. १९९१ मध्ये मॉस्कोत ठरलेल्या यंत्रणेनुसार काही देश एकत्र येऊन सर्वानुमताशिवाय तज्ज्ञांकडून चौकशी करवू शकतात. ती २०२० मध्ये बेलारूससाठी आणि २०२२ मध्ये युक्रेनमधल्या अत्याचारांसाठी वापरली गेली. मॉस्कोचं नाव असलेलं हत्यार मॉस्कोवरच चाललं.

स्ट्रासबर्गचा निकाल देशाने पाळलाच नाही तर?

न्यायालयाकडे पोलीस नाहीत. निकालाच्या अंमलबजावणीवर सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती देखरेख ठेवते आणि बहुतेक प्रकरणांत चिकाटीने पाठपुरावा करून काम होतं. अगदीच अडलं तर समिती प्रकरण पुन्हा न्यायालयाकडे पाठवते. हे आजवर फार थोड्या वेळा घडलं आहे. तुर्कस्तानातले समाजसेवी उद्योजक उस्मान कवाला यांच्या सुटकेचा निकाल डिसेंबर २०१९ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये तो न पाळल्याचाही निकाल आला. कवाला तरीही तुरुंगातच राहिले.

रोमा लोकांचा उल्लेख झाला. त्यांचा आपल्याशी काही संबंध आहे का?

भाषेचा आहे. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले आणि त्यांची रोमानी भाषा मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली आहे. रोमानीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नख’, माणसाला ‘मनुष’, द्राक्षाला ‘द्राख’ म्हणतात. मिठाला ‘लोन’ म्हणतात, आणि आपल्या लोणच्यात तेच मीठ आहे.

सहकार्याच्या दृष्टीनेही हा विषय मोलाचा, कारण इथे दोन संस्थांचे दात आणि चणे खरंच एकत्र आले. चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्राव्हा शहरात रोमा मुलांना सर्रास मतिमंदांसाठीच्या खास शाळांत घातलं जात होतं. १८ मुलांच्या प्रकरणात स्ट्रासबर्गने १३ नोव्हेंबर २००७ ला हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. वर्षं गेली, शाळांत फार फरक पडेना. तेव्हा २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युनियनच्या ब्रुसेल्समधल्या कार्यकारी मंडळाने, युनियनच्या वंशभेदविरोधी निर्देशाच्या आधारे चेक सरकारवर स्वतःची कारवाई सुरू केली, पुढे स्लोव्हाकिया आणि हंगेरीवरही. ओडिहरचा रोमा आणि सिंती कक्ष १९९४ पासून याच प्रश्नावर काम करतो.

ब्रेक्झिटनंतर ब्रिटन स्ट्रासबर्गच्या कक्षेबाहेर गेला का?

नाही. तो युनियनमधून बाहेर पडला, कौन्सिलमधून नाही. लंडनचे काही राजकारणी तेही सोडा म्हणतात, हा भाग वेगळा.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

मुंबईच्या सात रस्त्याजवळ आर्थर रोड तुरुंग आहे. त्यातली बराक क्रमांक १२ युरोपातल्या न्यायालयांना आता तोंडपाठ झाली असेल. युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या कलमानुसार छळाची किंवा अमानुष वागणुकीची खरी भीती असेल तिथे कुणालाही पाठवता येत नाही. १९९६ च्या चहल खटल्यात स्ट्रासबर्गने ब्रिटनला एका भारतीय नागरिकाला भारतात पाठवण्यापासून रोखलं ते याच कलमाखाली. त्यामुळे प्रत्यार्पणाच्या खटल्यात तुरुंगाची खोली, उजेड, संडास सगळं तपासलं जातं. विजय मल्ल्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये बराक १२ चा व्हिडिओ मागवला होता. २०२५ मध्ये मेहुल चोक्सीसाठी भारताने बेल्जियमला हमी दिली की कैद्याला किमान ३ चौरस मीटर जागा मिळेल, आणि त्यात कौन्सिल ऑफ युरोपच्या छळप्रतिबंधक समितीच्या निकषांचा हवाला होता. ज्या संस्थेचा भारत सदस्यही नाही, निरीक्षकही नाही, तिच्या फूटपट्टीने मुंबईतली कोठडी मोजली गेली. बाकीच्या बराकींत दाटीवाटीने राहणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी ही फूटपट्टी कधी काढली जात नाही, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी पुण्याचा, नोकरीसाठी जर्मनीत राहतो. मला स्ट्रासबर्गला दाद मागता येते का?

येते. कराराचं संरक्षण त्या देशाच्या अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे, पासपोर्ट कोणताही असो. मात्र आधी तिथल्या न्यायालयांत शेवटपर्यंत जावं लागतं, आणि अंतिम निकालापासून चार महिन्यांत अर्ज पोचला पाहिजे. पूर्वी सहा महिने होते, १ फेब्रुवारी २०२२ पासून चार झाले. अर्जाला फी नाही. बहुसंख्य अर्ज पहिल्या चाळणीतच फेटाळले जातात. घरमालकाशी किंवा कंपनीशी भांडण झालं म्हणून तिथे जाता येत नाही, तक्रार सरकारविरुद्धच हवी. ओएससीईकडे वैयक्तिक खटला नेण्याची सोयच नाही.

सेजदिच आणि फिन्त्सी यांना आता राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहता येतं का?

युरोपीय आयोगाने २०१९ मध्ये बोस्नियापुढे १४ मुख्य अटी ठेवल्या, त्यांत हा भेदभाव दूर करणंही होतं. डिसेंबर २०२२ मध्ये देशाला उमेदवाराचा दर्जा मिळाला आणि मार्च २०२४ मध्ये युनियनच्या नेत्यांनी वाटाघाटी उघडायचं ठरवलं. निकालानंतर बोस्नियात २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. चारही वेळा ओडिहरचे निरीक्षक आले, आणि वंशावरून उमेदवारी नाकारणारी तरतूद तशीच आहे असं चारही वेळा त्यांनी लिहून ठेवलं.